हात लावायचं विज्ञान: कोणती मांडणी टिकते, कोणती मोडते आणि का

नटबोल्ट

विज्ञान दालनात 'हात लावा' अशी पाटी लावली की पुढचं सगळं त्या हातावर असतं. कागदावरचा लंबक छान डोलतो, दालनात मात्र त्याच लंबकाला कुणी तरी लोंबकळतं. हा धागा त्या लोंबकळण्यासाठी आहे. मापं, साहित्य, काय मोडतं, का मोडतं आणि दुरुस्ती कशी करायची ते लिहा. 'विज्ञान किती रंजक असतं' छापाचे प्रतिसाद दुसरीकडे टाकावेत, राग नसावा.

सुरुवात सगळ्यात साध्या वस्तूपासून, म्हणजे बटणापासून. बर्लिनच्या उरानिया या विज्ञानसंस्थेत १८८९ पासून प्रेक्षकांनी स्वतः चालवायचे प्रयोग होते, त्यामुळे बटणाची परंपरा जुनी आहे आणि त्याचे रोगही जुनेच.

बटण बोटाने दाबतात हा पहिला गैरसमज. ते मुठीने, कोपराने आणि क्वचित बुटानेही दाबलं जातं. म्हणून व्हिडिओ गेमच्या यंत्रावर असतं तसलं, ३० मिमीच्या भोकात बसणारं बटण घ्या. त्याच्याखालचा मायक्रोस्विच (टिक करणारा छोटा स्विच) १ कोटी दाबांसाठी बनवलेला असतो आणि तो सहसा दगा देत नाही. दगा देते ती वायर. धक्के खाऊन टोकाशी जोडलेली वायर निसटते किंवा नेमकी डागाजवळ, म्हणजे सोल्डरच्या जोडाजवळ, तुटते. उपाय तीन: एकसंध तारेऐवजी बहुपदरी वायर, टोकाला दाबून बसवलेली फेरूल (धातूची छोटी टोपी), आणि टोकापासून ५ सेमीवर वायर पक्की बांधून टाकणं. मग ओढ लागते ती बांधलेल्या जागेला, डागाला नाही.

बटणातून मोटरचा प्रवाह थेट नेऊ नका. मोटर बंद होताना ठिणगी उडते आणि संपर्क जळतात. बटणाने फक्त रिले (विजेने चालणारा स्विच) चालवावा, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असावा आणि हाताजवळ २४ व्होल्ट डीसीपेक्षा जास्त काही नसावं. टायमर २० ते ३० सेकंदांचा. तो बटण दाबलं *जाण्याच्या* क्षणाला जागा व्हावा, दाबून *ठेवल्याला* नाही. नाहीतर च्युइंगगम लावून अडकवलेलं बटण संध्याकाळपर्यंत मोटर चालवत राहतं.

शंकासुर

बटणाचं कळलं. पण बटण दाबून दिवा लागला यात हात कुठे आला? तो तर घरीही लागतो. फिरवायचा दांडा दिला तर?

तारतम्य

शंकासुर, मुद्दा बरोबर आहे. बटण फक्त 'हो' म्हणतं, दांडा हाताला काहीतरी सांगतो. पण दांडा बटणाच्या दसपट मोडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उदाहरण घेऊ हाताने वीज निर्माण करायच्या मांडणीचं. २४ व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे घेणारी कायमचुंबकी डीसी मोटर उलटी वापरायची. दांड्यापासून मोटरपर्यंत १:८ अशी गती वाढवायची. मुलं सेकंदाला २ ते ३ फेरे सहज फिरवतात. २ फेऱ्यांना मोटर मिनिटाला ९६० फेरे घेते आणि साधारण ७.७ व्होल्ट देते, ३ फेऱ्यांना साडेअकरा. म्हणून दिवे १२ व्होल्टचे घ्यावेत. ६ व्होल्टचे लावले तर ते पहिल्याच जोशात जातात, कारण एखादा गडी ४ फेऱ्यांपर्यंत पोचतोच आणि तिथे १५ व्होल्ट होतात.

दिवे ५ वॉटचे चार, प्रत्येकाला वेगळी खिटी, म्हणजे स्विच. आता खरी गंमत: एक एक खिटी टाकत गेलं की दांडा जड होत जातो. चारही लावल्यावर, घर्षण वगैरे धरून ३० वॉट लागतात असं समजा. १३ सेमीच्या दांड्यावर, सेकंदाला ३ फेऱ्यांना, हा जोर सव्वा किलो वजन पेलण्याइतका येतो. मुलाच्या हाताला नीट जाणवतो, पण दमवून टाकत नाही. इथे एलईडी लावू नका. एलईडी इतकी कमी वीज खातो की एक लावला काय आणि चार लावले काय, हाताला फरकच लागत नाही. वीज वाचवायच्या नादात मांडणीचा सगळा अर्थ जातो. तारेचा पिवळा दिवाच हवा. त्याचा आणखी फायदा म्हणजे दांडा उलटा फिरवला तरी तो लागतो.

मोडण्याच्या जागा:

गियरचे दात. कुणी तरी अचानक उलटा झटका देतो आणि दात उडतात. गियरऐवजी पट्टा वापरा आणि जरा सैल ठेवा. झटका बसला की पट्टा घसरतो, इतकंच.

गोल शाफ्टवर ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने) घट्ट केलेला दांडा. आठवड्यात फिरायला लागतो आणि मग शाफ्टवर खोल ओरखडे काढतो. शाफ्टला खाच पाडून चावी (खाचेत बसणारा धातूचा तुकडा) बसवा, किंवा निदान एक बाजू सपाट करा.

मूठ. तिची नळी स्वतःभोवती मोकळी फिरली पाहिजे. घट्ट मूठ तळहाताची साल काढते, आणि मूठ हातात फिरत नाही म्हणून तिचा बोल्टच फिरून सुटतो.

जडचक्र (गती टिकवणारं जड चाक) लावलं असेल तर सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग, मध्ये घाला. नाहीतर हात सोडल्यावरही दांडा फिरत राहतो आणि शेजारी उभ्या असलेल्या लहान मुलाच्या हनुवटीची उंची नेमकी तीच असते.

नटबोल्ट

फ्रीव्हीलचं अगदी खरं. त्याला जोडून फटींचंही सांगतो. मुलांच्या मैदानी खेळण्यांच्या मापदंडात ८ ते २५ मिमी या मापाची फट बोट अडकवणारी मानतात. फट ८ पेक्षा कमी हवी, नाहीतर २५ पेक्षा जास्त, मधलं काही नको. डोक्यासाठी असाच धोक्याचा पट्टा ८९ ते २३० मिमीचा आहे. कठड्याचे गज लावताना हे बहुतेक विसरलं जातं. हलणाऱ्या भागांच्या बाबतीत फट *हलताना* मोजायची, थांबलेली असताना नाही.

लोलक

लंबकलहरीबद्दल, म्हणजे रांगेतल्या लंबकांतून उठणाऱ्या लाटेबद्दल, कुणी लिहिणार नसेल तर मी लिहितो. इंटरनेटवर तिचे व्हिडिओ उदंड आहेत, आणि ते बघून केलेल्या, न जुळणाऱ्या मांडण्याही.

तत्त्व असं: १५ लंबक. सगळ्यात लांब लंबकाने ६० सेकंदांत ५१ आंदोलनं करायची, पुढच्याने ५२, असं करत सगळ्यात आखूड लंबकाने ६५. सगळे एकत्र सोडले की साप वळवळल्यासारखी लाट दिसते, मग विस्कटते. ३० व्या सेकंदाला एकाआड एक गोळे विरुद्ध टोकांना जाऊन दोन रांगा पडतात, आणि ६० व्या सेकंदाला सगळे पुन्हा एका ओळीत येतात.

लांबी काढायचं गणित एका ओळीचं आहे: सेकंदांतल्या दोलनकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग गुणिले २४.८५ सेंटीमीटर. पहिल्याचा दोलनकाल ६०/५१ म्हणजे १.१७६ सेकंद, लांबी ३४.४ सेमी. दुसऱ्याची ३३.१. शेवटून दुसऱ्याची २१.८ आणि शेवटच्याची २१.२. नीट बघा, सुरुवातीला दोन शेजाऱ्यांतला फरक १३ मिमी आहे आणि शेवटी जेमतेम ७. समान उतार धरून दोरे कापले की मांडणी फसलीच.

ही लांबी दोऱ्याची नाही. टांगणीच्या रेषेपासून गोळ्याच्या *केंद्रापर्यंतचं* सरळ उभं अंतर मोजायचं. गोळा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन दोऱ्यांवर टांगतात, म्हणजे तो आडवा भरकटत नाही. तिथे दोऱ्याची लांबी तिरकी असते, म्हणून मोजमापात घोळ होतो.

चूक किती चालते? शेवटच्या लंबकात १ मिमीचा फरक पडला तर ६० सेकंदांत तो सुमारे ५५ अंशांनी मागेपुढे होतो (एक पूर्ण आंदोलन म्हणजे ३६० अंश). म्हणजे रांगेत एक दात पडल्यासारखं दिसतं. तेव्हा दोरा गाठ मारून लावू नका. तुळईला आरपार भोक, त्यातून दोरा, वर स्क्रूखाली दाबलेला, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने वरखाली करता येतो.

दोरा नायलॉनचा नको. तो ताणतो, शिवाय दमट हवेत ओल धरून लांबतो. मासेमारीचा विणलेला पॉलिएथिलीनचा दोरा चांगला. गोळे पोलादी, २५ मिमी व्यासाचे, प्रत्येकी साधारण ६४ ग्रॅम. हलके गोळे हवेने लवकर थकतात. तुळई ४० मिमीची चौकोनी पोलादी नळी, कारण लवचीक तुळईतून एका लंबकाची ऊर्जा शेजाऱ्याकडे जाते आणि रांग बिघडते. मग लोक दोऱ्यांना दोष देतात.

शंकासुर

एक शंका. २४.८५ हा आकडा गुरुत्वाकर्षणातून आला ना? ते तर ठिकाणानुसार बदलतं. मग दुसरीकडे नेलं की जुळणार नाही?

लोलक

जुळेल. सगळ्या लंबकांवर फरक एकाच प्रमाणात पडतो, म्हणून ५१ ते ६५ हे गुणोत्तर तसंच राहतं. फक्त चक्र ६० ऐवजी ६०.१ सेकंदात पुरं होईल. कुणाला कळणारही नाही.

मात्र दुसरी एक गोष्ट कळते, ती म्हणजे झोका. सपाट फळीने सगळे गोळे ४ सेमी मागे ढकलले, तर लांब लंबकाचा कोन ६.७ अंश होतो आणि आखूडचा जवळपास ११. मोठ्या कोनाला दोलनकाल किंचित वाढतो. एका चक्रात या दोन टोकांत मिळून आंदोलनाच्या ३६० अंशांपैकी ३५ अंशांच्या आसपास फरक पडू शकतो. उपाय: फळी ३ सेमीच मागे जाईल असा अडसर लावा आणि शेवटचं बारीक जुळवणं त्याच झोक्यावर करा, हळूच ढकलून नाही.

शंकासुर

आणि मुलांनी गोळेच धरून गुंता केला तर?

लोलक

करणारच. पाच मिनिटांत. म्हणून गोळे पॉलिकार्बोनेटच्या (पारदर्शक, चिवट प्लास्टिकच्या) पेटीत आणि बाहेर फक्त फळीचा दांडा. यावर 'मग हात कुठे लावला' हा तुमचाच प्रश्न येणार, म्हणून शेजारी एकच जाड लंबक उघडा ठेवा. दांडी कडक, १ मीटरची, गोळा वरखाली सरकवून खिट्टीने अडकवता येईल असा. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो, हे तिथे मोजून बघता येतं. पेटीतलं बघून तोंडाचा आ होतो, पण कळतं ते इथे.

जाता जाता फूकोच्या, म्हणजे पृथ्वी फिरते हे दाखवणाऱ्या लंबकाबद्दल, कारण तो प्रश्न हमखास येतो. पॅरिसमध्ये १८५१ साली लावलेला लंबक ६७ मीटरचा होता आणि गोळा २८ किलोचा. ३ मीटरच्या छताला तो करता येतो, पण सोपा नाही. आखूड लंबक सरळ रेषेऐवजी लंबवर्तुळात फिरू लागतो, आणि ते लंबवर्तुळ स्वतःच वळतं. पृथ्वीचं वळणं त्यात बुडून जातं. टांगणीच्या थोडं खाली तारेभोवती धातूचं कडं बसवतात. प्रत्येक झोक्याच्या टोकाला तार त्याला टेकते आणि आडवी हालचाल मरते. कडं तारेशी तंतोतंत समकेंद्री नसलं तर लंबक एकाच दिशेला जाऊन अडून बसतो. वळण्याचा वेग तासाला १५ अंश गुणिले अक्षांशाची ज्या (साइन), म्हणजे ३० अक्षांशावर साडेसात अंश. विषुववृत्तावर शून्य, तिथे कुणी लावू नये.

कानोसा

कुजबुजीच्या तबकड्यांवर लिहिते. दोन अन्वस्त (पॅराबोलिक, खोलगट) तबकड्या समोरासमोर, मध्ये १५ ते २० मीटर. एकीच्या नाभीत (आवाज एकवटतो त्या बिंदूत) कुजबुजलं की दुसरीच्या नाभीत ऐकू येतं. वीज लागत नाही, हलणारा भाग नाही, देखभाल म्हणजे ओलं फडकं. कुठल्याही दालनाची पहिली मांडणी हीच असावी असं माझं ठाम मत आहे.

नाभी कुठे, तर व्यासाचा वर्ग भागिले खोलीची १६ पट. व्यास १२० सेमी आणि मध्यभागी खोली २० सेमी असेल तर १४४०० भागिले ३२०, म्हणजे ४५ सेमी. तिथे एक लोखंडी कडं उभं करा, तोंड किंवा कान नेमका तिथे यावा म्हणून. कडं नसेल तर लोक अंदाजाने उभे राहतात आणि 'काही ऐकू येत नाही' म्हणून निघून जातात.

सगळ्यात मोठी गफलत तोंडाच्या दिशेची. बोलणारा समोरच्या माणसाकडे तोंड करतो. बोलायचं असतं *आपल्या* तबकडीकडे तोंड करून, समोरच्याकडे पाठ फिरवून. हे शब्दांत सांगून उपयोग होत नाही. कड्याच्या मागे पाऊलखुणा रंगवा, बोटं तबकडीकडे. आपोआप जमतं.

अचूकपणाची फार भीती नको. ३००० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ११ सेमी असते, त्यामुळे तबकडीवर १ सेमीचा उंचसखलपणा कानाला कळतही नाही. फायबरग्लास ४ ते ५ मिमी जाड पुरे. आकाराची मात्र काळजी घ्या. ३०० हर्ट्झची तरंगलांबी मीटरहून जास्त, म्हणून ६० सेमीची तबकडी आवाजातला जाडपणा परतवतच नाही आणि ऐकू येतं ते टिनपाट. कुजबुजीत मुळात जाड सूर नसतो, म्हणून कुजबूज चालते. तबकडी लहान असेल तर पाटीवर 'बोला' लिहू नका, 'कुजबुजा' लिहा.

टीव्हीची जुनी छत्री वापरायचा मोह होतो. घराच्या गच्चीवरच्या छोट्या छत्र्यांची नाभी मध्यरेषेवर नसते, खाली सरकलेली असते. समोरासमोर लावून त्या जुळत नाहीत.

आणि उघड्यावर लावणार असाल तर चकचकीत रंग अजिबात नको. सूर्य समोर आला की नाभीत ऊन गोळा होतं, आणि नाभीत असतं कुणाचं तरी डोकं. बिनचमकीचा, खरखरीत रंगच द्यावा.

तारतम्य

कानोसा, एक भर. तबकडीच्या समोरच्या रेषेत हवेचा पंखा किंवा ब्लोअर नको. तबकडी बिचारी निवड करत नाही, ती घरघरही तितक्याच प्रेमाने कानात ओतते.

शंकासुर

ब्लोअरवरून आठवलं. हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू. पाटी सगळीकडे तीच: 'वेगवान हवेचा दाब कमी, म्हणून चेंडू पडत नाही, बर्नुलीचा नियम.' हे बरोबर आहे का?

लोलक

अर्धवट आहे, आणि अर्धवट म्हणजे वाईट. उघड्या हवेत सुटलेल्या झोताचा दाब आजूबाजूच्या हवेइतकाच असतो. केवळ वेग जास्त म्हणून तो कमी होत नाही.

होतं असं की झोत चेंडूच्या गोलाईला चिकटून वळतो. चेंडू झोतातून थोडा बाहेर सरकला की त्याच्या झोताकडच्या अंगावरून जास्त हवा जाते आणि ती चेंडूला वळसा घालून बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. हवा बाहेर गेली म्हणून चेंडू आत येतो. सरळ न्यूटनचा तिसरा नियम. झोत ३० अंश तिरका केला तरी चेंडू पडत नाही, त्याचं कारण हेच. नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावा, चमचा धारेत ओढला जातो आणि धार वळलेली डोळ्यांना दिसते. पाटीवर हे लिहा.

मांडणीचं म्हणाल तर चेंडू हलका, फुगवायचा, ४० सेमीचा. तोंडाचा व्यास १५ सेमी. तोंड चेंडूपेक्षा बरंच लहान हवं.

नटबोल्ट

त्या ब्लोअरचा रोग एकच, जाळी. हवा आत घेणाऱ्या बाजूला ५ मिमीची जाळी सक्तीची, कारण तिथे केस ओढले जातात. पण त्याच जाळीवर दर आठवड्याला केस, धागे आणि धूळ यांची गादी जमते. चेंडू रोज थोडा खाली तरंगू लागला की मोटर म्हातारी झाली असं समजतात. आधी जाळी झाडा.

कवडसा

रंगीत सावल्यांबद्दल थोडक्यात. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे, शेजारी शेजारी ३० सेमी अंतरावर. अडीच ते तीन मीटरवर पांढरा पडदा. मध्ये माणूस उभा राहिला की काळी सावली न पडता पिवळी, किरमिजी आणि निळसर-हिरवी अशा सावल्या पडतात. लाल दिवा अडला त्या जागी हिरवा आणि निळा मिळून निळसर-हिरवी, असा तो हिशेब. तिन्ही अडले तिथेच काळं.

चुका दोन होतात. पहिली, दिव्यांचा आकार. मोठ्या चौकोनी चिपचा एलईडी घेतला की सावलीची कड लोण्यासारखी वितळते. बारीक चिपचा घ्या आणि पुढचं भिंग काढून टाका. दुसरी, तोल. सारख्या वॉटचे दिवे सारखे उजळ दिसत नाहीत. हिरवा डोळ्यांना फार जास्त लागतो, त्यामुळे पडदा हिरवट दिसतो आणि पिवळी सावली पोपटी होते. प्रत्येक दिव्याला वेगळा मंदक (उजेड कमी-जास्त करणारा डिमर) लावा, *रिकामा* पडदा पांढरा दिसेपर्यंत तोल करा, आणि मग मंदकांना कुलूप घाला. पडदा म्हणून चकाकणारा रंग चालत नाही, अगदी बिनचमकीचा पांढरा हवा. खोलीत बाहेरचा उजेड शिरला तर सगळ्या सावल्या धुऊन निघाल्यासारख्या फिक्या पडतात.

शंकासुर

पारदर्शक पेट्यांना ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट? ॲक्रिलिक दिसायला फार सुंदर.

नटबोल्ट

सुंदर आहे, आणि फुटतं. हातोडीच्या धक्क्याला ॲक्रिलिक तडकतं, पॉलिकार्बोनेट वाकतं. उलट पॉलिकार्बोनेटवर ओरखडे पटकन उठतात. माणसं टेकतात तिथे पॉलिकार्बोनेट, नुसतं बघायचं तिथे ॲक्रिलिक.

आता न दिसणारा शत्रू. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेत ताण साठलेला असतो. त्या कडेला स्पिरिट किंवा हात निर्जंतुक करायचं द्रव लागलं की काही मिनिटांत केसासारख्या भेगांचं जाळं उठतं. सफाई करणाऱ्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कापल्यावर तक्ता ८० अंश सेल्सिअसला काही तास तापवून सावकाश थंड केला तर ताण निघतो. ते जमत नसेल तर फक्त साबणाचं पाणी.

दुसरं, स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं थ्रेडलॉकर. लोखंडाला उत्तम, पण ते पॉलिकार्बोनेटला लागलं की प्लास्टिक भोकाभोवती तडकतं. प्लास्टिकजवळ नायलॉनचं कडं असलेले नट वापरा, खाली रुंद वॉशर. आणि भोक बोल्टपेक्षा १ ते दीड मिमी मोठं ठेवा. प्लास्टिक उष्णतेने धातूपेक्षा किती तरी जास्त फुगतं, त्याला सरकायला जागा नसेल तर भोकातूनच चीर सुरू होते.

कवडसा

आणि धुक्याचं चक्रीवादळ? पाण्यात बुडवलेली कंपनांची चकती धुकं करते, चार खांबांच्या फटींतून हवा तिरकी आत येते, वर पंखा ओढतो. गर्दी खेचणारी मांडणी आहे.

तारतम्य

गर्दी खेचते, आणि लक्ष दिलं नाही तर आजारही. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि ही चकती ते पाणी बारीक थेंब करून नेमकं माणसांच्या श्वासात सोडते. टाकी लहान, दोन-तीन लिटरची ठेवा. रोज रिकामी करा, पुसून *कोरडी* करा, सकाळी ताजं शुद्ध पाणी भरा. हे रोज होणार नसेल तर मांडणी लावूच नका, इथे मधला मार्ग नाही. नळाचं जड पाणी वापरलं तर चकतीवर पांढरा थर बसतो आणि धुकं कमी होतं, तो वेगळा त्रास.

वादळ उभं राहत नसेल तर बहुतेक वेळा एखाद्या खांबाची फट उलट्या बाजूला असते. चारही फटी एकाच फिरकीच्या दिशेने हव्यात. आणि वरच्या पंख्याचा वेग *कमी* करून बघा. जास्त ओढ लावली की धुकं वळायच्या आधीच वर निघून जातं.

चुंबकांचंही सांगून टाकतो. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड नळीतून निओडिमियमचं चुंबक सोडलं की ते तरंगत उतरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सुटं चुंबक हातात देऊ नका. ते ठिसूळ असतं, आपटून कपचे उडतात, आणि लहान मुलाने दोन गिळली तर आतड्याच्या दोन पदरांना मध्ये चिमटून भोक पाडतात. एका चौकटीत तीन नळ्या शेजारी शेजारी बसवा: ॲल्युमिनियमची अखंड, ॲल्युमिनियमचीच पण लांबीभर उभी चिरलेली, आणि प्लास्टिकची. तिन्हींत चुंबक, टोकं कायमची बंद, आणि चौकट वाळूच्या घड्याळासारखी उलटायची. चिरलेल्या नळीत ते लवकर का पडतं, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. टोकांना १० मिमी रबर टाका, नाहीतर चुंबक आपटून आपटून आतच फुटतं.

पाटीपेन्सिल

इतकं सगळं झालं, पण पाटीकडे कुणी बघितलंच नाही, कानोसा सोडून. पाटी ही मांडणीचा भाग आहे, नंतर चिकटवायचा कागद नाही.

पहिला शब्द क्रियापद हवा. 'फिरवा.' 'कान लावा.' 'सोडून बघा.' त्यानंतर काय बघायचं ते, आणि कारण सगळ्यात शेवटी, लहान अक्षरांत. सगळं मिळून ५०-६० शब्द. अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको. देवनागरीत मात्रा आणि वेलांट्या वर-खाली जातात, म्हणून ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त मोकळी जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

पाटी डोळ्यासमोर नको, हाताजवळ हवी. लोक आधी हात घालतात, अडलं तरच वाचतात.

आणि उत्तर आधी सांगू नका. 'वेगवेगळ्या लांबीचे लंबक वेगवेगळ्या वेळात झोका घेतात हे पाहा' असं लिहिलं की पाहायचं काही उरतच नाही. 'गोळा वर सरकवा. आता दहा झोके मोजा.' एवढंच पुरे.

छापण्याआधी साध्या कागदावर लिहून चिकटवा आणि लांबून आठ-दहा कुटुंबं बघा. मध्ये बोलायचं नाही, हाच कठीण भाग. तिघांनी तीच चूक केली तर चूक पाटीची.

कानोसा

पाटीपेन्सिल, पूर्ण अनुमोदन. उंचीचंही असंच आहे. टेबलाची वरची बाजू ८६ सेमीच्या वर नको, खाली गुडघ्यांसाठी ७० सेमी उंच आणि ४८ सेमी खोल मोकळी जागा, म्हणजे चाकाची खुर्ची आत शिरते. दांडे, बटणं १२० सेमीच्या आत. ही मापं पाळली तर लहान मुलांचीही सोय आपोआप होते. वेगळी पायरी ठेवायची असेल तर ती जमिनीला पक्की हवी, सुटी पायरी म्हणजे नवं खेळणं.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. मोडलेली मांडणी दुरुस्त करायला आत न्यायची की जागेवरच उघडायची?

नटबोल्ट

जागेवर, जमेल तितकं. फ्रँक ओपेनहायमरने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम काढलं तेव्हा कार्यशाळाच प्रेक्षकांना दिसेल अशी ठेवली होती. उघडं यंत्र लोक चालत्या यंत्रापेक्षा जास्त वेळ बघत उभे राहतात.

त्यासाठी तयारी आधीपासून लागते. सगळ्या मांडण्यांना मिळून दोनच मापांचे बोल्ट ठेवा, एम६ आणि एम८, एकाच प्रकारच्या डोक्याचे. मागचं दार बिजागरीवर. झिजणारा प्रत्येक भाग, म्हणजे पट्टा, मूठ, बटण, दोरा, चेंडू, दोन-दोन जादा आणि त्याच मांडणीच्या पोटात ठेवलेला. दाराच्या आतल्या बाजूला वायरींचा नकाशा चिकटवा आणि वायरींना दोन्ही टोकांना तेच क्रमांक.

पाटीपेन्सिल

आणि 'बंद आहे' ही पाटी लिहूच नका. 'पट्टा तुटला आहे, गुरुवारी नवा बसेल' असं लिहा. जमल्यास तो तुटलेला पट्टा खाली खिळ्याला लटकवा.